टॉर्च तुम्ही धरा, पाना लेकीच्या हातात द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लेक १४ वर्षांची आहे आणि दारात एक जुनी फोर-बाय-फोर आली आहे. शिडीसारखी चेसिस, चारही कोपऱ्यांना पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), लिव्हर ओढून फोर-व्हील टाकायची जुनी पद्धत. गाडी चालते, पण थकली आहे. लेक लायसन्सच्या वयाची होईपर्यंत दोघांनी मिळून ती चिखल-डोंगरात नेण्याजोगी करायची आहे. सुरुवात कुठून करू, आधी उंची वाढवू की मोठे टायर घेऊ, लॉकर (एका अक्षाची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारं कुलूप) कधी बसवू, आणि सरळ सगळी गाडी खोलून चेसिसपासूनच सुरू केलं तर कसं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. खोलू नका.

गेली तीस वर्षं मी याच गाड्यांखाली पाठ टेकून काढलीत. बाप-लेकांनी हौसेनं सुरू केलेल्या ज्या गाड्या अर्धवट पडलेल्या पाहिल्या, त्यातल्या बहुतेक पहिल्याच महिन्यात शेवटच्या नटापर्यंत खोललेल्या होत्या. त्यात एक माझी. मुलगा तेव्हा १३ वर्षांचा. बॉडी उतरवली, इंजिन बाहेर काढलं, चेसिस घासून काळी कुळकुळीत रंगवली. फोटो झकास आले. नट-बोल्ट सगळे एका बादलीत. आणि पोराच्या हातात काय, तर टॉर्च. "इथे नाही रे, इथे दाखव. हलवू नको. अरे, माझ्या डोळ्यांवर नको मारू!" दोन महिन्यांत त्याला दर सुट्टीला काही ना काही दुसरं काम निघायला लागलं. मी खापर अभ्यासावर फोडलं. गाडी तीन वर्षं भिंतीला टेकून उभी राहिली आणि शेवटी तुकड्यातुकड्यांनी गेली.

धाकट्या लेकीबरोबर पुढे दुसरी गाडी केली तेव्हा दोनच गोष्टी बदलल्या. एका वेळी एकच जागा खोलायची, ती बंद होऊन गाडी फिरवून आणल्याशिवाय दुसरीकडे पाना लावायचा नाही. आणि टॉर्च मी धरायचा.

चौदाव्या वर्षी चार वर्षं म्हणजे फार लांबचा काळ. "चार वर्षांनी बघ कशी होईल गाडी" या वाक्यावर कोणी मूल दर आठवड्याला हात काळे करत नाही. पण सकाळी ब्रेकचं पेडल तळापर्यंत जात होतं आणि संध्याकाळी अर्ध्यावरच घट्ट लागतंय, हे तिच्या पायाला कळतं. चालती गाडी ठेवण्याचं कारण एवढंच.

आता गाडीखाली जाण्याआधीचे नियम, आणि इथे लाडाकोडाचं काम नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही, अगदी "एकच मिनिट" असलं तरी नाही. स्टँड चेसिसखाली किंवा अक्षाखाली, गाडीचं वजन पेलणारे, कडक सपाट जमिनीवर. स्टँड लावल्यावर गाडी हातानं जोरात हलवून बघायची आणि मगच खाली सरकायचं. जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक घरंगळू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावायची. जुन्या फोर-बाय-फोरमध्ये हँडब्रेक पुष्कळदा चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अक्षांकडे वाटणारी पेटी) मागे प्रॉपेलर शाफ्टवर (अक्षाकडे जाणारा लांब दांडा) असतो. अशा गाडीचं मागचं एकच चाक उचललंत की हँडब्रेक ओढलेला असूनही, गिअरमध्ये असूनही, गाडी स्टँडवरून घरंगळू शकते. असं का होतं ते लेकीला आत्ता सांगू नका, खाली येतंय.

ग्राइंडर, वेल्डिंग आणि ताणात असलेली कोणतीही स्प्रिंग मोठ्यांच्या हातात. ड्रिल किंवा ग्राइंडर फिरत असताना हातमोजे नकोत, ते गुंडाळले जातात आणि हाताला ओढतात. तेलकट कामाला मात्र पातळ नायट्राइलचे मोजे दोघांनाही. जुनं इंजिन ऑइल वर्षानुवर्षं कातडीवर मुरवणं बरं नाही, आमच्या पिढीनं ते मुरवलं. डोळ्यांना चष्मा कायम. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

पहिला दिवस धुण्याचा. खालून, चिखल-तेलाचे थर खरवडून. मग दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा आणि रात्रभर गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी लेकीनं पुठ्ठ्यावरचा प्रत्येक डाग वहीत उतरवायचा: कुठल्या चाकापासून किती अंतरावर, रंग काय, वास काय. इंजिन ऑइल काळं, गिअर ऑइलला गंधकाचा कुबट वास, कूलंट गोडसर वासाचं, ब्रेक ऑइल पाण्यासारखं पातळ आणि चाकाच्या आतल्या बाजूला. चव मात्र कशाचीच घ्यायची नाही, कूलंट विषारी असतं. ही वही म्हणजे पुढच्या सहा महिन्यांच्या कामांची यादी, आणि ती तिनं केलेली.

पहिलं काम ब्रेक. जुने लायनर असतील तर ड्रम काढल्यावर धूळ हवेनं उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. व्हील सिलिंडरचं रबर उलटून बघा, आत ओल असेल तर बदला. रबरी होज चिरलेत का तेही बघा. ऑइल पूर्ण नवीन घाला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं: डॉट ४ चा नव्यातला उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषलेल्याचा १५५ वर आला तरी मानकात बसतो. लांब उतारावर फरक तिथेच पडतो. हवा काढताना जोडीची अदलाबदल करा. पेडलवर तुम्ही, निपलपाशी (चाकाजवळचा हवा सोडायचा स्क्रू) लेक, पारदर्शक नळीचं एक टोक निपलवर आणि दुसरं बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. "दाबलं" तुम्ही म्हणायचं, "उघडलं" तिनं, बुडबुडे बघायचे, "बंद" तिनं म्हटल्यावरच तुम्ही पाय उचलायचा. हुकूम तिचा चालतो. माझ्या लेकीला या कामात जी गंमत वाटली ती मला तीस वर्षांत वाटली नव्हती.

ब्रेकनंतर स्टिअरिंग. इंजिन बंद, चाकं जमिनीवर, एकानं स्टिअरिंग थोडं-थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्यानं खालून एकेक जोड बघायचा. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी थांबून मग हलते, तो टाय रॉड एंड गेला. पाट्यांचे बुश आणि शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा झुलता दुवा) त्याच फेरीत तपासून घ्या.

आता माझ्या आवडीच्या जागी येऊ. डिफरन्शियल, म्हणजे अक्षाच्या मधला गिअरचा गोळा, जो शाफ्टची ताकद दोन चाकांत वाटतो. इथे घाई करू नका, एक पूर्ण दिवस द्या.

मागची दोन्ही चाकं हवेत, अक्ष स्टँडवर, पुढच्या चाकांना ओट, गिअर टाकलेला. लेकीला सांगा एक चाक पुढे फिरव. दुसरं चाक आपोआप मागे फिरतं. शाफ्ट अडलेला आहे, तरी चाकं फिरतात, एक पुढे, एक मागे. (चाक अडूनच बसलं तर आत लिमिटेड स्लिप, म्हणजे दोन चाकांना फार वेगवेगळं फिरू न देणारी रचना आहे, किंवा आधीच्या मालकानं काही करून ठेवलंय.) मग विचारा: शाफ्टवरचा हँडब्रेक ओढून एकच चाक उचललं, तर जमिनीवरचं चाक कशानं थांबेल? कशानंच नाही, हवेतलं उलटं फिरेल आणि गाडी चालू लागेल. सुरक्षेचा तो नियम आता तिला कायमचा कळला. आणि गाडी चिखलात का अडकते हेही त्यातच आलं. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतं. एक चाक हवेत असेल तर त्याला फिरायला टॉर्क जवळपास लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्यालाही तेवढाच मिळतो, म्हणजे काहीच नाही.

मग गिअर न्यूट्रल करा आणि मोजणीचा खेळ. शाफ्टवर आणि चाकावर खडूची रेघ. तुम्ही एक चाक घट्ट धरायचं, तिनं दुसरं वीस वेळा फिरवायचं. ते दोन्ही चाकं दहा-दहा वेळा फिरल्यासारखंच. तेवढ्यात शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजायचं. भागिले दहा, तोच तुमचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे. पुढच्या अक्षाला हेच करताना फ्री-व्हील हब (पुढची चाकं अक्षापासून सोडवणारे) असतील तर लॉक करा, नाहीतर शाफ्ट हलणारच नाही, आणि ट्रान्सफर केस टू-व्हीलमध्ये ठेवा.

आमच्या गाडीची एक जुनी तक्रार होती. फोर-व्हीलचा लिव्हर आत जायचा, पण बाहेर निघता निघत नसे. रिव्हर्स घेऊन झटका दिला की कधीतरी सुटायचा. आधीच्या मिस्त्रीनं लिव्हरचे जोड बदलले होते. मीही ते खोलून, ग्रीस लावून परत बसवले होते. त्या दिवशी मागचा आकडा आला ४५ आणि अर्धा. पुढचा आला ४१. मी म्हटलं, चुकलीस, परत मोज. तिनं परत मोजलं, ४१. मी टॉर्च ठेवून स्वतः मोजलं. ४१.

कव्हर उघडल्यावर दात मोजले: मागे ४१ आणि ९, म्हणजे ४.५६, पुढे ३७ आणि ९, म्हणजे ४.११. कधीतरी कोणीतरी पुढचा अक्ष दुसऱ्याच गाडीचा बसवला होता. फोर-व्हील टाकली की दोन्ही शाफ्ट एका वेगानं फिरणार, पण पुढची चाकं मागच्यांपेक्षा साधारण अकरा टक्के जास्त धावायला बघणार. चिखलात ते घसरून भागत होतं, कडक जमिनीवर सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये साठत होता आणि लिव्हर त्या पिळात चेपून बसत होता. तीस वर्षांचा अनुभव लिव्हर चाचपत बसला आणि खडूच्या रेघेनं उत्तर दिलं. तुमची गाडी सेकंडहँड आहे, हे मोजमाप चुकवू नका.

रेशो जुळत असले तरी याच कारणानं, मध्ये डिफरन्शियल नसलेली फोर-व्हील कोरड्या डांबरावर टाकायची नसते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, आणि तो फरक जाणार कुठे?

ऑइल बदलताना आधी भरायचा प्लग उघडा, मग सोडायचा. उलट केलंत आणि भरायच्या प्लगचे आटे गेलेले निघाले की गाडी रिकाम्या डिफरन्शियलसकट जागेवर बसते. सोडलेलं ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. प्लगच्या चुंबकावर करडी लव चालते, चिपा चालत नाहीत. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल, बहुतेक जुन्या गाड्यांना ८०डब्ल्यू-९० जाडीचं. गिअरबॉक्समध्ये मात्र मॅन्युअल बघितल्याशिवाय तेच ओतू नका. पितळी सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) असलेल्या जुन्या पेट्या जीएल-४ मागतात.

अक्षावर एक छोटी टोपी असते, ब्रीदर. गरम अक्ष थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाण्याखाली किंवा तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तिथे रबरी नळी जोडून ती इंजिनच्या कप्प्यात उंच न्यायची. हे काम संपूर्ण लेकीवर सोडा. नळीचा मार्ग तिनं ठरवू दे, फक्त सायलेन्सरपासून लांब आणि अक्ष पूर्ण खाली लोंबला तरी ताण येणार नाही एवढी ढील ठेवून.

आता तुमचा आवडता विषय, उंची आणि टायर.

गाडी कितीही उंच केली तरी डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहतो, कारण तो अक्षावर आहे. त्याला वर उचलतो फक्त टायर. समजा आत्ता २३५/७५ आर १५ आहेत, व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर. ३१ इंची घेतले तर ७८७. व्यास ५४ नं वाढला, म्हणजे गोळ्याखाली मिळाले २७ मिलिमीटर, जेमतेम एक इंच. बदल्यात काय गेलं? ४.५६ चा रेशो आता ४.२५ असल्यासारखा वागतो, चढावर इंजिन दमतं. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ वर असते. ब्रेकवर, बेअरिंगवर, स्टिअरिंगवर भार वाढला. हा हिशोब लेकीकडून कागदावर करून घ्या आणि मग निर्णय तिलाही विचारा. माझं मत: एक माप मोठे टायर चालतील, त्यापुढे रेशो बदलायची तयारी असेल तरच.

उंचीबद्दल मी आणखी कंजूष आहे. जुन्या गाडीचे पाटे बसलेले असतात. कमान परत आणली, तुटलेली पानं बदलली, तरी गाडी दिसण्याइतकी वर येते. तिथे थांबा, फार तर वर दोन इंच. पाटे अक्षाखालून काढून वर बसवायचा जो प्रकार आहे, त्यात गाडी एकदम पाचेक इंच वर जाते आणि मग एकामागून एक सगळं बिघडतं. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो. शाफ्टचा एक क्रॉस (टोकाचा हलता सांधा) कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तरच ते फिटतं, नाहीतर गाडी थरथरते आणि क्रॉस खातो. ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) तिरका होतो, खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप खेचतं. ब्रेक होज ताणतात. आणि ही गाडी चारेक वर्षांत एक नवशिकी चालवणार आहे. गुरुत्वमध्य वर नेऊन तिच्या हातात द्यायची का, हा तुमचा प्रश्न आहे. टायर आणि उंचीतले बदल कायद्यात बसतात का आणि विम्याला चालतात का, हे खरेदीच्या आधी बघा.

टायर बदलण्याआधी त्यातली हवा बदलून बघा. रस्त्यावर ३२ पीएसआय असेल तर चिखलात-वाळूत १८ वर आणा. टायर लांबट पसरतो आणि जी गाडी रुतत होती ती चालू लागते. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून उतरतो. रस्त्यावर यायच्या आधी हवा परत भरायची, म्हणून पंप गाडीतच हवा.

लॉकर सगळ्यात शेवटी, आणि फक्त मागे. आधी एक वर्ष उघड्या डिफरन्शियलवर चालवा. चाक कुठे टाकायचं हे डोळ्याला त्यातच कळतं.

विंच (दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढणारं यंत्र) घेणार असाल तर भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ताकदीची. २००० किलोला ३०००. पण त्याआधी चेसिसला बोल्टनं बसवलेले पुढे-मागे दोन पक्के हुक. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला ताणाचा पट्टा कधीही अडकवायचा नाही. तो गोळा तुटून तोफगोळ्यासारखा आलेला आहे आणि माणसं गेलेली आहेत. दोर ताणात असताना लेक दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, आणि दोराच्या रेषेत कधीच नाही.

वायरिंग तिला आवडेल. ५५ वॉटचे दोन दिवे, १२ व्होल्ट, म्हणजे साधारण ९ अँपिअर. १५ चा फ्यूज, तो बॅटरीजवळ, आणि मध्ये रिले. सोडवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो, प्रत्येक वायरला चिठ्ठी. नट-बोल्टही त्याच शिस्तीत, एका कामाचे एका डब्यात, झाकणावर नाव. बादली नको.

एक राहिलं. तिच्याकडून बोल्ट तुटेल. माझ्या लेकीनं पाट्याच्या शॅकलचा तोडला, नवीन पान्यावर पाइप घालून. तुम्ही त्या क्षणी तोंड बंद ठेवा आणि तुटका बोल्ट काढायचा कसा ते शिकवायला घ्या: गंजमारं तेल, रात्रभर थांबणं, थोडं आवळून मग सैल करणं, मधोमध ड्रिल (ते तुम्ही). आणि टॉर्क पाना (ठरलेला जोर लागला की टक् वाजणारा) विकत घ्या. "एवढा बस झाला" हे हाताला कळायला वर्षं लागतात, पान्याच्या टकटकीला ती लागत नाहीत.

पहिली चाचणी मोकळ्या, परवानगी असलेल्या जागेत. फोर-लो (फोर-व्हीलची हळू, जादा जोराची जागा), पहिला गिअर, क्लच सोडा आणि दोन्ही पाय पेडलवरून काढा. गाडी माणसाच्या चालीनं स्वतःच चढ चढते, आणि उतारावर इंजिनच तिला धरून ठेवतं. पहिल्या फेरीला लेकीला शेजारी बसवून हे नुसतं जाणवू द्या. मग १०० किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट परत टॉर्क करायचे, नट आडव्या-तिडव्या क्रमानं. पाव-पाव फेरा खाणारे दोन-तीन तरी निघतील. कुठले निघाले ते तिच्या वहीत, पुठ्ठ्याच्या डागांखालच्या पानावर.